रंगीत फेजंटची पिल्ले घेण्यापूर्वी : पशुपालकांच्या तीन प्रश्नांना उत्तर

कृषी पर्यटन केंद्रे आणि हौशी पक्षिपालक यांच्यामुळे फेजंटची (कोंबडीच्या कुळातला लांब शेपटीचा शोभेचा पक्षी) मागणी वाढली आहे आणि आमच्याकडची विचारणाही. या खेपेचे तीन प्रश्न एकमेकांना लागून आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. एका पशुपालकाला ‘यलो गोल्डन’ म्हणून चढ्या भावात पिल्ले देऊ केली आहेत. खरी कशी ओळखायची, असे ते विचारतात. दुसऱ्यांच्या घरच्या रिंगनेक (फेजंटचीच एक जात) पिल्लाच्या पंखात पांढरी पिसे आली आहेत. हा नवा रंग समजावा का? तिसऱ्यांना बांधावर मोराची अंडी सापडली. ती उबवून पांढरा मोर मिळेल का?

गोल्डन फेजंट मूळचा चीनच्या मध्य भागातल्या डोंगरांतला. नराचा तुरा सोनेरी, पोट लालभडक. यलो गोल्डन ही त्याचीच पाळीव पक्ष्यांत स्थिर केलेली छटा. इटलीचे प्राणिशास्त्रज्ञ अलेस्सांद्रो घिगी यांच्या नावावरून तिला ‘घिगी गोल्डन’ही म्हणतात. यात नराच्या अंगावरच्या लाल रंगाची जागा पिवळा घेतो. साध्या गोल्डनच्या पिल्लाची लव तपकिरी असते आणि पाठीवर गडद पट्टे असतात. यलोची लव फिकट, पिवळसर दिसते. हा फरक लव अंगावर आहे तोवरच नीट कळतो. पिसे फुटली की घोळ सुरू होतो.

सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. गोल्डनचा नर पहिल्या वर्षी मादीसारखाच तपकिरी राहतो, फक्त अंगावर अधूनमधून लाल-पिवळे ठिपके उमटतात. पूर्ण रंग दुसऱ्या वर्षी चढतो. असा अर्धवट रंगलेला नर ‘दुर्मीळ चितकबरा’ म्हणून विकला जातो आणि पुढच्या पिसेगळतीनंतर साधा गोल्डन निघतो. सिल्व्हर फेजंटचा नरही दुसऱ्या वर्षीच पांढरा होतो. रिंगनेकचे तसे नाही, त्याचा नर साधारण पाच महिन्यांत रंगतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, पिल्लाचा भाव ठरवण्याआधी त्याचे आईबाप डोळ्यांनी बघा. मोबाइलवरच्या फोटोवर पैसे पाठवू नका. बघताना पायांकडे जरूर लक्ष द्या. गोल्डनचे पाय पिवळे, तर लेडी ॲम्हर्स्टचे निळसर राखाडी असतात. या दोन जातींचा संकर सहज होतो आणि संकरित पिल्लेही पुढे प्रजननक्षम असतात, त्यामुळे बाजारात भेसळ भरपूर आहे. शुद्ध ॲम्हर्स्ट नराचे पोट पांढरे असते. तिथे लाल किंवा नारिंगी झाक दिसली तर तो पक्षी कितीही देखणा असला तरी पैदाशीला घेऊ नका.

पिवळा रंग अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो दिसतो. यलो नर आणि साधी मादी लावली तर सगळी पिल्ले लालच दिसतील. ती आपसात लावल्यावर सरासरी चारात एक पिवळे निघते. म्हणूनच विक्रेते भावंडांचीच जोडी लावत राहतात. दोन-तीन पिढ्यांत अंडी नापीक निघू लागतात, पिल्ले अशक्त होतात. त्याऐवजी दुसऱ्या ठिकाणची निरोगी साधी मादी आणा, मधली एक पिढी रंगाविना जाऊ द्या. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची रिंग आणि वहीत आईबापांची नोंद हवीच.

आता पांढरी पिसे. पांढरा रिंगनेक हा प्रकार असतो, पण तो लवेपासूनच फिकट असतो आणि त्याचे डोळे काळे असतात. डोळे लाल असतील तर तो अल्बिनो, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य नसलेला. काळसर मेलॅनिस्टिक रिंगनेकचे पिल्लूही जन्मतःच गडद असते. तुमच्या पिल्लाची लव नेहमीसारखी होती आणि पांढरे नंतर आले, म्हणजे आधी खुराक तपासा. ब्राँझ टर्कीच्या पिल्लांत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी पडले की पंखातली पिसे पांढरी येतात, हे सिद्ध झालेले आहे. तुम्ही लिहिता की मक्याचा भरडाच घालता. मक्यात लायसिन फार कमी असते. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत सुमारे २६ ते २८ टक्के प्रथिनांचे, टर्की स्टार्टरसारखे (टर्कीच्या लहान पिल्लांचे) खाद्य द्या, त्यात सोयापेंड असू द्या. एकमेकांनी टोचून पिसांचे मूळ दुखावले तरी त्या जागी पांढरे पीस येते. गर्दी कमी करा, उजेड मंद ठेवा. पुढची पिसे नेहमीच्या रंगाची आली की शंका मिटेल.

बाकी संगोपन थोडक्यात. गोल्डनची अंडी २२-२३ दिवसांत, रिंगनेकची २३-२५ दिवसांत फुटतात. ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत) पहिला आठवडा ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. गावठी कोंबड्यांबरोबर किंवा त्यांच्या जुन्या खुराड्यात फेजंट कधीही ठेवू नका. कोंबडीच्या विष्ठेतल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड हा यकृताचा रोग येतो. कोंबडी धडधाकट दिसते आणि फेजंट मरतो. रानीखेतची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्या. अचानक मरतूक झाली तर पक्षी न हलवता दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नवापूरला निघाला होता.

परदेशी जातींपैकी रीव्ह्‌ज फेजंटसारख्या काही सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टात आहेत. अशा पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खरेदीआधी वन विभागाकडून जात तपासून घ्या, पावती जपून ठेवा.

मोराच्या अंड्यांना मात्र हात लावू नका. मोर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणे, उबवणे हा गुन्हा आहे. पांढरा मोर हीदेखील त्याच मोराची रंगछटा, त्यालाही हाच कायदा लागू. शिवाय हा रंग अप्रभावी असल्याने रानातल्या अंड्यांतून तो निघण्याची आशा जवळपास नाहीच. बांधाचा तेवढा तुकडा न नांगरता ठेवा, कुत्री दूर ठेवा. घरटे मोडले किंवा पिल्ले उघडी पडली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.