‘जलस्नेही’तला स्नेह नेमका कोणता?

प्रश्न असा आला आहे: पेशीपटलातल्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातल्या, फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूचं डोकं ‘जलस्नेही’ आणि शेपट्या ‘जलद्वेषी’, असं पुस्तकात वाचलं. पण स्नेह म्हणजे तर तेल-तूप. ‘स्निग्ध’ हा शब्दही तिथलाच. मग तेलकट शेपट्यांना द्वेषी आणि पाण्यात रमणाऱ्या डोक्याला स्नेही म्हणणं उलटं नाही का?

शंका रास्त आहे. हा शब्द इतकी वर्षं वापरूनही मला ती सुचली नव्हती, हे आधी कबूल करतो.

संस्कृतात ‘स्निह्’ धातूला दोन अर्थ आहेत: ओलसर, चिकट होणं आणि माया जडणं. आयुर्वेदात तूप, तेल, वसा आणि मज्जा हे चार ‘स्नेह’ सांगितले आहेत, ते पहिल्या अर्थाने. ‘जलस्नेही’ घडला दुसऱ्या अर्थावर, ‘पाण्यावर माया असलेला’. ‘जलप्रिय’ म्हटलं असतं तर घोळ टळला असता, हे खरं. तरी मी ‘जलस्नेही’च ठेवीन, कारण रेणूच्या पातळीवर धातूचा पहिला अर्थही इथे लागू पडतो. फॉस्फोलिपिडच्या डोक्यात फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो, आणि त्याला कोलिन नावाचा लहान रेणू जोडलेला असेल तर त्यावर धन. पाण्याचे रेणू या प्रभारांना अक्षरशः चिकटून बसतात. स्नेह म्हणजे चिकटणं, तो हाच.

खोट आहे ती ‘जलद्वेषी’त. तो ज्याचा अनुवाद आहे त्या ‘हायड्रोफोबिक’च्या मूळ ग्रीक शब्दात भीती आहे, द्वेष नाही. पण रसायनशास्त्र पाहिलं तर दोन्ही नाहीत. शेपट्या म्हणजे मेदाम्लांच्या (तेल-तुपात असतात त्या आम्लांच्या) साखळ्या, बहुतेक वेळा सोळा-अठरा कार्बनच्या. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतलेले असतात, आणि या साखळीला त्या गुंतवळीत भाग घेता येत नाही. साखळी मध्ये आली की भोवतीच्या पाण्याला अवघडून, ठरावीक रचनेतच उभं राहावं लागतं. साखळ्या एकत्र गोळा झाल्या की हे अवघडलेपण कमी होतं. म्हणजे शेपट्या पाण्याचा द्वेष करत नाहीत. पाणीच आपसात इतकं रमलेलं असतं की त्या बाहेर पडतात. तेल आणि पाणी यांच्यातही आकर्षण असतं, फक्त पाण्या-पाण्यातल्या आकर्षणापुढे ते तोकडं पडतं. म्हणून मला ‘जलविमुख’ बरा वाटतो. त्यात भांडण नाही, फक्त तोंड फिरवलेलं आहे, आणि पटलात शेपट्या खरोखर पाण्याकडे पाठ करूनच असतात: डोकी बाहेर, शेपट्या आत, असे दोन थर. गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींतली लिपिडं (तेल-तुपासारखे पाण्यात न विरघळणारे पदार्थ) पाण्यावर एकेरी थरात पसरली, तेव्हा त्यांचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुपटीइतकं भरलं. दुहेरी थराची कल्पना तिथून आली. पाण्याशीही जमणाऱ्या आणि तेलाशीही जमणाऱ्या अशा रेणूला ‘उभयस्नेही’ म्हणतात. हा शब्द मात्र झकास आहे.

प्रश्नकर्त्यांनी ऊती-अभियांत्रिकीवरच्या (पेशी वाढवून शरीरातल्या ऊती तयार करण्याच्या शास्त्रावरच्या) एका लेखातलं वाक्यही पाठवलं आहे: ‘पदार्थ जलस्नेही असल्याने पेशी त्यावर सहज चिकटतात.’ इथे मित्राचा मित्र तो आपला मित्र असा हिशेब केलेला दिसतो. तो चुकतो. पेशी कृत्रिम पदार्थाला सहसा थेट धरत नाहीत. आधी द्रवातली प्रथिनं त्या पृष्ठभागावर बसतात, मग पेशी त्या प्रथिनांना धरतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या कृत्रिम बहुवारिकाचं (पॉलिमरचं) जेल पाण्याने फुगलेलं, अतिशय जलस्नेही असतं. पण पाण्याचा थर इतका घट्ट की प्रथिनांना बसायला जागाच नाही, आणि म्हणून पेशींनाही नाही. याहून गमतीची गोष्ट म्हणजे फॉस्फोलिपिडचं तेच डोकं, फॉस्फोरिलकोलिन, कृत्रिम बहुवारिकाला जोडलं तर त्या पृष्ठभागावर प्रथिनं फारशी टिकतच नाहीत. काही कॉन्टॅक्ट लेन्समध्ये हा गुण मुद्दाम वापरतात. उलट अशा जेलवर पेशी बसवायच्या असतील तर त्यांना धरायला काहीतरी द्यावं लागतं: आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा छोटा तुकडा. फायब्रोनेक्टिन या प्रथिनात पेशी नेमका हाच तुकडा धरते, हे 1984 मध्ये दाखवलं गेलं.

तेव्हा त्या वाक्यात हवा होता ‘पेशीस्नेही’. ‘जलस्नेही’ एवढंच सांगतो की पृष्ठभाग ओला होतो.

जाता जाता विचारलं आहे की लिपिडला सरळ ‘मेद’ का म्हणू नये. मेद हा लिपिडांचा एक प्रकार, साठवणीचा: ग्लिसरॉल या छोट्या रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. फॉस्फोलिपिडमध्ये मेदाम्लं दोनच, तिसऱ्या जागी ते डोकं. आणि पटलातल्या कोलेस्टेरॉलमध्ये मेदाम्ल एकही नाही, तरी तेही लिपिडच. नुसत्या मेदाचं पटल बांधायला गेलात तर तेलाचा थेंब हाती येईल.