डिस्कसची अंडी पांढरी का पडतात?

प्रश्न : माझ्याकडे डिस्कस माशांची एक जोडी आहे. गेल्या तीन महिन्यांत तिने पाच वेळा अंडी घातली आणि पाचही वेळा ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडली. आमच्या सोसायटीत पालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळतात. टाकीतला पीएच ७.८ आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ३२० आहे. दुकानातून आणलेले पीएच उतरवण्याचे औषध घातले, तरी सकाळी आकडा पुन्हा तोच दिसतो. काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी ते औषध बंद करा. बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेट आम्लाला निष्प्रभ करतात, म्हणून पीएच पूर्वपदावर येतो. शिवाय पीएचमधला एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असल्यामुळे ही रोजची चढउतार जोडीला सोसावी लागते, ती वेगळीच.

खरा अडसर पाण्याच्या जडपणाचा आहे. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला आणि तिथले पाणी अतिशय मऊ व आम्लधर्मी असते. पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले डिस्कस जड पाण्यातही उत्तम खातात, रंग धरतात, अंडीसुद्धा घालतात आणि नेमकी इथेच पाळणाऱ्याची फसगत होते, कारण कॅल्शियम जास्त असले की अंड्याचे आवरण टणक होते आणि फलन नीट होत नाही. फलन न झालेले अंडे पांढरे पडते व त्यावर बुरशी धरते.

भातसा, वैतरणा, तानसा येथून येणारे पाणी पावसाचे, म्हणून मुळात बरेच मऊ असते. स्वयंपाकघराच्या नळाला निव्वळ पालिकेचे पाणी येते का, याची सोसायटीत चौकशी करा. येत असेल तर क्लोरीन काढून तेच वापरा. येत नसेल तर आरओचे पाणी मिसळावे लागेल. आरओचा टीडीएस २० असेल, तर ४ बादल्या आरओ आणि १ बादली तुमचे पाणी मिळून तो साधारण ८० होतो. केवळ आरओचे पाणी मात्र वापरू नका, कारण त्यात आम्ल पेलणारे काहीच उरत नाही आणि पीएच एकाएकी कोसळतो. हा बदल रोज थोडे थोडे पाणी बदलून आठ-दहा दिवसांत करा. देशी बदामाची गळलेली, वाळलेली पाने धुऊन टाकलीत तर पीएच हळूहळू ६.५ कडे झुकेल. या कामी बाटलीतल्या औषधापेक्षा मला ती पाने अधिक भरवशाची वाटतात.

इमारतीत सॉफ्टनर असेल तर टीडीएस मीटरवर विसंबू नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, त्यामुळे जडपणा उतरला तरी मीटरचा आकडा जवळपास तसाच राहतो. थेंब मोजून जडपणा सांगणारी जीएचची किट घ्या आणि तो ३ अंशांच्या आत ठेवा.

पाण्याचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस असू द्या. पुढच्या वेळी दुसऱ्या दिवशी अंड्यांवर टॉर्च धरा : फळलेले अंडे मधासारखे पारदर्शक राहते, त्यात काळसर ठिपका दिसतो आणि तिसऱ्या दिवशी शेपट्या वळवळू लागतात. मऊ पाण्यातही एकूण एक अंडी पांढरी पडली, तरच जोडीविषयी शंका घ्या, कारण दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली दिसणारी नळी नराची बारीक व टोकदार, तर मादीची जाड व बोथट असते. तेवढे त्या वेळी नीट पाहून घ्या.