ट्रेनिंगच्या स्लाइड्स लोक लक्ष देऊन बघतील अशा कशा बनवाव्यात?

रंग आणि अ‍ॅनिमेशन नंतर बघा, आधी मजकूर बदला. 'सर्व कर्मचाऱ्यांनी माहितीच्या सुरक्षेबाबत दक्षता बाळगावी' हे वाक्य वाचून कोणीच काही वेगळं करत नाही. त्याऐवजी प्रसंग द्या: संध्याकाळचे सहा वाजलेत, तुम्ही निघायच्या घाईत आहात आणि साहेबांच्या नावाने मेल येतो, 'पगाराची फाईल लगेच पाठवा.' पत्त्यात एक अक्षर जास्त आहे. काय कराल? इथे थांबा, लोकांना उत्तर देऊ द्या, मगच नियम सांगा. स्वतः डोकं चालवलं की तो नियम लक्षात राहतो.

दुसरं म्हणजे, स्लाइडवरचाच मजकूर मोठ्याने वाचून दाखवू नका. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं की चित्राबरोबर नुसतं निवेदन असेल तर लोक जास्त शिकतात. तेच शब्द पडद्यावरही टाकले की कमी. म्हणून स्लाइडवर चित्र किंवा आकृती ठेवा, बाकीचं तुम्ही बोला. सविस्तर माहितीचं वेगळं पान नंतर वाटा.

आणि एकाच दिवसात सगळं कोंबू नका, कळकळीने सांगतो. उजळणीशिवाय विसर पडतो हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच मोजून दाखवलं होतं. आठवड्याने दोन-तीन प्रश्न मेलवर पाठवा, महिन्याने पुन्हा.