सोनी ए७ फोरवर घरगुती समारंभांसाठी कोणती झूम घ्यावी: टॅमरॉन २८-७५, सिग्मा २४-७० की सोनी २४-१०५?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ए७ फोर, सोबत कॅमेऱ्याबरोबर मिळणारी जुनी २८-७० किट लेन्स, कामं बारसं, हळद, साखरपुडा अशी, फिरणं लोकलने, आणि घ्यायची आहे एकच झूम. लेन्सच्या नावातले आकडे फोकल लेंग्थचे, एमएममध्ये: आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ. तिन्ही लेन्स चांगल्याच आहेत, तेव्हा शार्पनेसच्या तुलना बघत रात्री जागवू नका. अशा कामात फोटो जातो तो दोनच कारणांनी. मागे सरकायला जागा नसते, नाहीतर उजेड नसतो. तिसरी तक्रार, ‘लांबचं जवळ आलं नाही’, ही त्या मानाने सोपी आहे. लांबचं टोक फोटो कापून मिळवता येतं, रुंद टोक मिळवता येत नाही.

आधी जुने फोटो चाळा. लाइटरूममध्ये लायब्ररी फिल्टरच्या मेटाडेटात फोकल लेंग्थचा रकाना लावा. लाइटरूम नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये डीटेल्स व्ह्यूला तोच रकाना जोडता येतो. २८ वर किती फोटो साचलेत ते दिसेल, पण नुसता आकडा बघू नका, फोटो उघडा. बऱ्याचदा झूम केवळ आळसाने २८ वर पडून असते. कडेला माणसं अर्धी कापली गेली असतील तरच तुम्हाला २८ अपुरं पडतंय असं धरा.

२४ आणि २८ मधला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ एमएम रुंद असतो. ३६ ला फोकल लेंग्थने भागायचं आणि अंतराने गुणायचं, की समोरची किती रुंदी मावेल ते निघतं. चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीत पाळण्याभोवती बायका उभ्या आहेत आणि तुमची पाठ कपाटाला टेकली आहे, तर हातात खरं अंतर उरतं ७ फूट. २८ ला ९ फूट मावतात, २४ ला साडेदहा. हा दीड फूट म्हणजे कडेची आत्या आणि तिच्या कडेवरचं पोर. पुढे अल्बममध्ये पहिली विचारणा त्यांचीच होते.

मात्र २४ ला फ्रेमच्या अगदी कडेचा चेहरा आडवा ताणला जातो आणि बारीक माणूससुद्धा सुटलेला दिसतो. म्हणून शेवटच्या वीतभर जागेत दार, पडदा, तोरण येऊ द्या, माणसं आत घ्या. कॅमेराही वर-खाली न झुकवता छातीच्या उंचीवर सरळ धरा.

आता उजेड. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर, प्रकाश आत घेणारं भोक, किती उघडतं ते: आकडा लहान तेवढा उजेड जास्त. टॅमरॉन आणि सिग्मा एफ २.८ च्या, सोनी २४-१०५ एफ ४ ची. किट लेन्स ७० ला एफ ५.६ वर येते. एफ २.८ म्हणजे तिच्या चौपट प्रकाश: जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) १२८०० लागत होता तिथे ३२०० पुरतो. एफ ४ घेतलीत तर ६४०० वर थांबाल. सोनी २४-१०५ मध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची सोय, आहे, टॅमरॉन आणि सिग्मात नाही, यावर दुकानदार बराच भर देतात. पण तुमच्या बॉडीत ते आहेच, आणि ते तुमचा हात सावरतं, हळद लावणाऱ्या काकूंचा नाही. हलणाऱ्या हातांना १/१६० ते १/२५० शटर लागतं. तिथे उघडं अ‍ॅपर्चरच कामाला येतं, नाहीतर फ्लॅश.

फ्लॅश छतावर मारून वापरत असाल तर हिशोब बदलतो. मुंबईच्या फ्लॅटचं छत ९-१० फुटांवर आणि बहुधा पांढरं असतं. त्याहून चांगला बाउन्स विकत मिळत नाही, आणि तिथे एफ ४ मजेत चालते. हॉलमध्ये छत उंच, त्यात पीओपीची रंगीत नक्षी, नाहीतर मांडवाचं गुलाबी कापड. तिथे फ्लॅशचा उजेड परतच येत नाही, किंवा आला तर नवरीला गुलाबी करून जातो.

एफ २.८ मिळाली म्हणून ती कायम उघडी ठेवू नका. ७० एमएम, एफ २.८, अंतर २ मीटर, तर फोकसची खोली सुमारे १४ सेंटीमीटर भरते. जोडप्यातला एक जण वीतभर मागे असला की त्याचे डोळे गेलेच. जोडीला एफ ४, दोन रांगांच्या ग्रुपला एफ ५.६.

मग २४-१०५ चं काय? स्टेजपासून २० फुटांवर, खुर्च्यांमागे अडकला आहात. उभ्या फ्रेममध्ये ७० ला सुमारे १० फूट उंची येते, १०५ ला जेमतेम ७, म्हणजे जोडपं नखशिखांत आणि नेटकं. फायदा खरा आहे. पण ए७ फोर ३३ मेगापिक्सेलचा आहे. सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणाऱ्या एपीएस-सी मोडचं बटण लावून ठेवलंत तर ७० ची चौकट १०५ ची होते आणि १४ मेगापिक्सेल उरतात, १२ बाय १८ च्या पानाला ते पुरतात. कापल्यावर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढतो, म्हणजे तेवढ्यापुरती एफ २.८ ही एफ ४ च्या बरोबरीला येते. खालीही जात नाही. म्हणून ही लेन्स तुमच्या यादीत मी तिसरी ठेवेन. उजेडातली प्री-वेडिंग शूट्स आणि प्रवास हे तिचं घर.

उरल्या दोन. सिग्माची पहिली २४-७० आर्ट सुमारे ८३० ग्रॅम भरते, २०२४ ची दुसरी आवृत्ती साडेसातशेच्या आत. टॅमरॉन २८-७५ ची जी२, म्हणजे दुसरी आवृत्ती, फक्त ५४०. बॉडी बॅटरीसकट ६५८ ग्रॅमची, म्हणजे पहिल्या सिग्मासोबत गळ्यात जवळपास दीड किलो. चार तासांच्या कार्यक्रमात मनगटाला हे कळतं. फिल्टरही सिग्माला ८२ एमएमचा लागतो, टॅमरॉनला ६७ चा, आणि चांगल्या फिल्टरच्या किमतीत त्याने बराच फरक पडतो. टॅमरॉनवर ऑटो-मॅन्युअल फोकसचा स्विच नाही, ते बॉडीच्या मेनूतून किंवा लेन्सवरच्या बटणाला नेमून करावं लागतं.

जुन्या फोटोंत कडेची माणसं कापली जात असतील तर सिग्मा घ्या, बजेट ताणवत असेल तर दुसरी आवृत्ती. तसं नसेल तर टॅमरॉन, आणि अडीनडीला टॅमरॉनचीच २० एमएम एफ २.८. ती २२० ग्रॅमची आहे, फिल्टर तोच ६७ चा, आणि दोन्ही मिळून पहिल्या सिग्मापेक्षा हलक्या. त्या २० एमएमची फोकस मोटर संथ आहे, पण ग्रुप फोटोत कोण पळतंय? सोनीची स्वतःची २४-७० एफ २.८ जी मास्टर टू ६९५ ग्रॅममध्ये सगळंच देते, पण किंमत टॅमरॉनच्या दुपटीहून बरीच वर. बारशाच्या पॅकेजवर ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. व्हिडिओत फोकस सरकताना चौकट आत-बाहेर होते, ती सावरणारी ब्रीदिंग कॉम्पेन्सेशनची सोय सोनीच्या ठराविक लेन्सनाच मिळते. व्हिडिओचं काम मोठं असेल तरच त्यासाठी पैसे मोजा.

विकत घेण्याआधी एका कार्यक्रमाला भाड्याने आणा. फोर्टच्या बोरा बाजारात नव्या-जुन्या दोन्ही बघायला मिळतात. आपली बॉडी आणि कार्ड घेऊन जा. समोरच्या सपाट भिंतीवर, शक्यतो विटांच्या, कॅमेरा समांतर धरून रुंद आणि लांब अशा दोन्ही टोकांना एफ २.८ वर फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा विस्कटलेला दिसला तर आतली काच सरकली आहे, ती प्रत नको. सेकंडहँड असेल तर दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. धुळीचे चार कण फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, तिथे सौदा सोडा. फिल्टरच्या आट्यांना पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे.

फंगस मुंबईच्या पावसाळ्यात नव्या लेन्सलाही धरतो. झूम बाहेर-आत करताना नळी बाहेरची दमट हवा आत ओढते. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते नको असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर एवढ्यावर भागतं, फक्त जेलने रंग बदलला की ते तापवून वाळवायचं. एसी हॉलमधून बाहेर वरातीला निघालात तर लेन्स बंद बॅगेत तशीच राहू द्या, अर्ध्या तासाने काढा. धुकं धरलेली काच रुमालाने पुसत बसलात तर निघण्याचा फोटो हमखास जातो. आणि नवी घेत असाल तर सीरियल नंबर छापलेलं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. स्वस्तात मिळणाऱ्या ‘इम्पोर्टेड’ प्रतीला ती बहुतेक वेळा नसते.