खुल्या कोळसा खाणीची पर्यावरण परवानगी : नवख्यांसाठी

मुंबईच्या ऑफिसात बसून वणी-चंद्रपूरकडची खाण आखताय? जमेल. आधी कॅलेंडर बघा. हवा-पाण्याची मूळ नोंद पावसाळा सोडून एका पूर्ण हंगामाची लागते, खाणीभोवती १० किमीपर्यंत. एप्रिलमध्ये जाग आली तर त्या हंगामाचे १२ आठवडे पावसाआधी बसत नाहीत. थेट ऑक्टोबर उजाडतो.

बहुतेक जण फसतात ते वरच्या मातीत. आराखड्यात तिला वेगळी जागा दाखवा, ढीग बुटका ठेवा, त्यावर गवत पेरा आणि खड्डा भरत जाईल तशी ती पसरत चला. ओव्हरबर्डनमध्ये, म्हणजे कोळशावरच्या दगड-मुरमात, मिसळली की गेली. मग मुरमाड ढिगावर रोपं जगवत बसा! ओव्हरबर्डनच्या ढिगाचा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवा. पायथ्याला भिंत, भोवती चर, चराच्या तोंडाशी गाळ बसवायचा हौद.

खाणबंदीचा आराखडा शेवटासाठी ठेवू नका, तो सुरुवातीलाच लागतो. त्याचे पैसे दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, जातात. वनजमिनीची परवानगी वेगळी.

जनसुनावणी सायनला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात नाही, खाणीच्या भागातच होते. पर्यावरण अहवालाचा मराठी गोषवारा गावकऱ्यांना कळेल असा लिहा. ब्लास्टिंगचे हादरे आणि आटणाऱ्या विहिरी, हे प्रश्न येणारच. आकडे तयार ठेवा.