इराणमधील अब्याने हे फारसी बोलणारे खेडे नेमके कोठे आहे आणि त्याची लोकसंख्या किती?

अब्याने इस्फहान प्रांतात, नतन्झ जिल्ह्याच्या बर्झरुद या ग्रामीण विभागात, करकस पर्वताच्या उतारावर वसलेले आहे. काशानहून दक्षिणेकडे जाताना डोंगरात शिरले की तांबड्या मातीची, एकाचे छप्पर ते वरच्याचे अंगण अशी रचलेली घरे दिसतात. २००६ च्या जनगणनेत तेथे १६० कुटुंबे आणि ३०५ माणसे नोंदली गेली. दर कुटुंबामागे दोन माणसेही भरत नाहीत, यावरूनच तरुण मंडळी तेहरानला गेली आणि मागे वृद्ध राहिले, हे कळते.

मात्र आपण त्याला ‘फारसी बोलणारे खेडे’ म्हटले आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे उत्तर लिहीत आहे.

पुण्यात चार वर्षे फारसी शिकून मी अब्यान्याला गेले, तेव्हा आपल्याला भाषा चांगली येते असा माझा समज होता. गल्लीतल्या एका पायरीवर, पांढऱ्या जमिनीवर मोठी फुले असलेले रुमाल डोक्याला बांधून, दोन वृद्ध बायका सुकवलेल्या सफरचंदांच्या चकत्या विकत बसल्या होत्या. मी शेजारी बसून अर्धा तास त्यांचे बोलणे ऐकले, पण मला एक वाक्यही उलगडले नाही, आणि चार वर्षे वाया गेली असे वाटून मला रडू यायचे तेवढे बाकी होते. तेवढ्यात त्यांतल्या एकीने स्वच्छ फारसीत मला विचारले, “कोठून आलीस, मुली?” आधीची भाषा कोणती, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “ती आमची. माझ्या तेहरानच्या नातवंडांनाही ती कळत नाही.”

परत आल्यावर मी हे आमच्या शिक्षकांना सांगितले. ते म्हणाले, “खेडवळ, बिघडलेली फारसी, दुसरे काय!” मी गप्प राहिले, याचे मला आजही वाईट वाटते. माझी घरची भाषा मालवणी. ‘मला’ऐवजी ‘माका’ म्हटले म्हणून शाळेत मला तासभर उभे केले होते, त्यामुळे ‘बिघडलेली’ हा शब्द मला चांगला परिचयाचा होता.

अब्यान्याची बोली फारसी बिघडून झालेली नाही. फारसी इराणी भाषांच्या नैर्ऋत्य शाखेतली, तर ही बोली वायव्य शाखेतली आहे. फारसीतून व्याकरणातले लिंग केव्हाच नाहीसे झाले. या बोलीत मात्र पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अजून टिकून आहे. बिघडलेल्या भाषेने मूळ भाषेपेक्षा जुनी गोष्ट जपून ठेवावी, हे कसे शक्य आहे, हा प्रश्न मी त्यांना तेव्हाच विचारायला हवा होता.

अर्थात शाळा आणि सरकारी कामकाज फारसीतच चालते आणि गावकऱ्यांना ती उत्तम येते, तेव्हा आपले विशेषण सर्वस्वी चुकीचे नाही. लोकसंख्येचा आकडाही एका ठरावीक वर्षाचा आहे, आणि उन्हाळ्यात बाहेरगावी गेलेली कुटुंबे परतली की गावात याहून बरीच अधिक माणसे असतात. आपण ही माहिती कोठे नोंदवणार असाल, तर आकड्यापुढे वर्ष अवश्य घालावे आणि भाषेच्या रकान्यात अब्यान्याची बोली आधी लिहून मग फारसी लिहावी.