द्राक्षाची साल, हळद आणि न भरणारी जखम

प्रश्न : निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. वडिलांच्या नाकावरची लहानशी जखम तीन महिने भरत नाही. द्राक्षाच्या सालीतील घटकाने त्वचेचा कर्करोग बरा होतो असे ऐकले. तिचा लेप हळदीसह लावावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लेप लावू नका, वडिलांना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण अशा जखमेचे निदान बायोप्सीनेच होते आणि त्वचेचे बहुतेक कर्करोग वेळीच सापडले तर छोट्या शस्त्रक्रियेने बरे होतात.

आपण ऐकले ते सर्वस्वी निराधार नाही. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल आणि हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखतात. परंतु पोटात घेतल्यावर ती फारच अल्प प्रमाणात रक्तात टिकतात, आणि काचपात्रातील यश म्हणजे रुग्णावरील उपचार नव्हे. वनस्पतींविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. तरीही युफोर्बिया पेप्लस या वनस्पतीच्या चिकातील इंजेनॉल मेब्युटेटचा अनुभव ध्यानात घ्यावा : उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे मलम, त्यानेच त्वचेचा कर्करोग वाढण्याच्या शंकेमुळे, 2020 मध्ये युरोपात बंद झाले.

बागेत काम करताना वडिलांनी रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा अवश्य वापरावा.